सतत मागे पडलेली सरकारी शाळा हाती घेतल्यावर पहिल्या वर्षी कशाला हात घालावा?

प्रश्न

येत्या सत्रापासून मी एका सरकारी शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू होत आहे. शाळा पहिली ते आठवीची आहे, शैक्षणिक पाहणीत ती सलग काही वर्षे तळाच्या गटात राहिली आहे, आणि गेल्या चार वर्षांत तेथे तीन मुख्याध्यापक येऊन गेले आहेत. रुजू होण्यापूर्वी परवानगी घेऊन मी दोन दिवस वर्गांत बसून आले. सहावीतल्या एका मुलीला पाठ्यपुस्तकातला उतारा वाचायला सांगितला, तर तिने तो न अडखळता म्हणून दाखवला. मात्र तिचे बोट दुसऱ्याच ओळीवर फिरत होते. पुढचा, अजून न शिकवलेला धडा उघडून दिल्यावर ती पहिल्याच जोडाक्षरापाशी थांबली आणि तिने हळूच पुस्तक मिटले. त्याच वर्गात सफाईने वाचणारी मुलेही आहेत, आणि शिक्षक दोघांनाही एकच धडा एकाच वेगाने शिकवत आहेत.

शिक्षक कामचुकार आहेत असे मला वाटले नाही. ते थकलेले आहेत. प्रत्येक नव्या मुख्याध्यापकाने नवा उपक्रम आणला आणि तो अर्ध्यावर सोडून दिला, त्यामुळे माझ्या येण्याकडेही ते याच अनुभवातून पाहत आहेत. वरिष्ठांनी महिनाभरात सुधारणा आराखडा मागितला आहे आणि त्याच्या नमुन्यात सतरा उद्दिष्टे आहेत. माझे दोन प्रश्न आहेत. पहिल्या वर्षी नेमके कोणते काम धरावे? आणि काही शिक्षक बदलून मागावेत, असा सल्ला मला मिळतो आहे. तो मानावा का?

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक

मॅडम, आपण वर्गात जाऊन बसलात आणि बोट कोणत्या ओळीवर आहे ते पाहिलेत, म्हणजे सुरुवात योग्य ठिकाणी झाली आहे. अशा दोन शाळा मी सांभाळल्या. पहिल्या शाळेत माझे काय चुकले ते आधी सांगतो, कारण ती चूक बहुतेक जण करतात. मी पहिले वर्ष आवार, रंगरंगोटी, परिपाठ, गणवेश आणि उपस्थिती यांत घालवले. शाळा नेटकी दिसू लागली, पालक खूश झाले, वरिष्ठांनी पाठ थोपटली. वर्षअखेरीस मुलांची वाचनचाचणी घेतली तेव्हा आकडे होते तिथेच होते. वर्गाचे दार बंद झाल्यावर आत जे घडत होते, त्याला मी हातच लावला नव्हता.

दुसऱ्या शाळेत मी आठवडाभर माझ्या स्वतःच्या वेळेची नोंद ठेवली. शाळेच्या सहा तासांपैकी सरासरी वीस मिनिटे मी वर्गात होतो आणि उरलेला वेळ पत्रव्यवहार, माहितीचे तक्ते, भेटायला आलेली माणसे व फोन यांत जात होता. ती नोंद पाहिल्यावर सकाळचे पहिले दोन तास कार्यालयात न बसण्याचा नियम मी स्वतःला घातला. माहिती पाठवायला उशीर झाला म्हणून दोनदा विचारणा झाली. ती मी सहन केली.

वर्गात गेल्यावर शिक्षकाकडे पाहू नका, मुलाच्या वहीत पाहा. पाचवीच्या एका वर्गात ५०२ वजा १७८ हे उदाहरण होते आणि अकरा मुलांच्या वह्यांत उत्तर ४७६ होते. ही मुले निष्काळजी नव्हती. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा त्यांनी मनाशी ठरवलेला नियम होता आणि तो ती चोख पाळत होती. शिक्षिकेने फळ्यावर हातचा अगदी बरोबर शिकवला होता, वह्यांवर लाल फुल्याही मारल्या होत्या. परंतु अकरा जणांची चूक एकच आहे हे तिच्या ध्यानात आले नव्हते, कारण वह्या ती एकेक करून तपासत होती. आम्ही दोघांनी त्या अकरा वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. त्यानंतर मला काहीही सांगावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी काड्यांचे गठ्ठे सोडवत दशक-एकक पुन्हा कसे शिकवायचे ते तिनेच ठरवले. माझ्या मते मुख्याध्यापकाचे मूळ काम हे आहे, आणि ते कार्यालयात बसून होत नाही.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी. आराखडा मागितला आहे तर तो द्यावाच लागेल, पण शाळेत एकच काम धरा. पहिल्या तीन आठवड्यांत दुसरीपासून आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून वाचून घ्या आणि वजाबाकी-भागाकाराची दोन-दोन उदाहरणे सोडवून घ्या. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, यांपैकी मूल कुठे थांबते एवढीच नोंद पुरे. मग सगळ्या शाळेसाठी रोज एकच तास राखून ठेवा. त्या तासात मुले इयत्तेप्रमाणे न बसता पातळीप्रमाणे बसतील आणि प्रत्येक शिक्षकाकडे एक गट राहील.

पातळीनुसार शिकवण्याच्या या पद्धतीवर 'प्रथम' या संस्थेने अनेक राज्यांत काम केले आहे आणि तिच्या परिणामांचा शास्त्रशुद्ध अभ्यासही झाला आहे. त्यातला एक धडा मुख्याध्यापकाने विसरू नये असा आहे. जिथे शिक्षकांना नुसते प्रशिक्षण आणि साहित्य दिले गेले, तिथे सरकारी शाळांत नेहमीच्या वेळेत फारसे काही बदलले नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये मात्र रोजचा स्वतंत्र तास ठरवून दिला गेला आणि शाळांना नियमित भेट देऊन मदत करणारे पर्यवेक्षक नेमले गेले, तेव्हा मुलांची भाषा सुधारली. गणितात तेथे तशी वाढ दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तास राखून ठेवणे आणि त्या तासाला स्वतः हजर राहणे या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

उत्तर २ : शिक्षणधोरणाचा अभ्यासक

शिक्षक बदलून मागण्याविषयी थोडे लिहितो. हा उपाय अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला आहे. २००९ नंतर तेथील केंद्र सरकारने तळाच्या शाळांसाठी मोठा निधी दिला आणि त्यासोबत चार मार्ग ठरवून दिले : मुख्याध्यापक बदलून जुन्यांपैकी जास्तीत जास्त निम्मेच शिक्षक पुन्हा नेमणे, शाळा बाहेरच्या संस्थेकडे सोपवणे, शाळा बंद करणे, किंवा मुख्याध्यापक बदलून अध्यापन व मूल्यमापनात सुधारणा करणे. काही वर्षांत सुमारे ७ अब्ज डॉलर खर्च झाले. २०१७ साली सरकारच्याच शिक्षण खात्याचा मूल्यमापन अहवाल आला. हे मार्ग अवलंबल्यामुळे वाचन, गणित किंवा शाळा पूर्ण करण्याचे प्रमाण यांवर लक्षणीय परिणाम झाल्याचे त्यात आढळले नाही.

टेनेसी राज्याने सर्वांत मागे असलेल्या पाच टक्के शाळा पाच वर्षांत वरच्या पंचवीस टक्क्यांत नेण्याचे ठरवून त्यांतील काही शाळा एका स्वतंत्र राज्यस्तरीय यंत्रणेकडे दिल्या. ते उद्दिष्ट गाठता आले नाही. त्याच राज्यात ज्या मागे पडलेल्या शाळा स्थानिक प्रशासनाकडेच राहिल्या, पण ज्यांच्या मुख्याध्यापकांना अधिक स्वायत्तता आणि जादा साहाय्य मिळाले, त्यांच्यात सुरुवातीच्या वर्षांत स्पष्ट सुधारणा दिसली. केवळ ताबा किंवा माणसे बदलल्याने शाळा बदलत नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

तथापि याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. ह्यूस्टन शहरात २०१० पासून तळाच्या २० शाळांत जो प्रयोग झाला, त्यात बहुतेक सर्व मुख्याध्यापक आणि जवळजवळ निम्मे शिक्षक बदलले गेले होते, आणि तेथे गणितात चांगली वाढ झाली. परंतु त्या शाळांत दिवस व वर्ष दोन्ही लांबवले होते, ठरावीक इयत्तांत एका मार्गदर्शकाजवळ दोनच मुले असा रोजचा गणिताचा तास होता, आणि शिक्षकांना वारंवार प्रतिसाद दिला जात होता. वाचनात मात्र तिथेही फार थोडाच फरक पडला. माणसे बदलण्याचा अधिकार बहुधा आपल्याकडे नसेल. दोन-तीन मुलांना रोज अर्धा तास जवळ घेऊन बसण्याची व्यवस्था मात्र आपण करू शकाल.

उत्तर ३ : प्राथमिक शिक्षिका

ताई, मी अशाच एका शाळेत शिकवते, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने लिहिते. नव्या मुख्याध्यापकांचे पहिले भाषण आम्ही ऐकतो आणि विसरतो. आमच्या एका मुख्याध्यापिकेने भाषण केलेच नाही. त्यांनी सर्वांत मागे असलेल्या मुलांचा गट स्वतःकडे घेतला आणि रोज पाऊण तास शिकवला. तिसऱ्या आठवड्यात त्या शिक्षककक्षात आल्या आणि म्हणाल्या, "ही चार मुले माझ्याकडून काही केल्या पुढे सरकत नाहीत, तुम्ही कोणी पाहाल का?" त्या दिवसापासून आम्ही आमच्या अडचणी उघडपणे बोलू लागलो, कारण अडचण सांगितली तर ती दोष म्हणून नोंदवली जाणार नाही याची खात्री पटली होती.

आणखी एक विनंती. नवे काम देताना एक जुने काम काढून घ्या. आमच्याकडे एकच उपस्थिती तीन नोंदवह्यांत लिहावी लागे. त्यांतल्या दोन शाळेनेच पूर्वी कधीतरी सुरू केल्या होत्या. त्या बंद झाल्या आणि आम्हाला वह्या तपासायला खराखुरा वेळ मिळाला. तसेच आपल्या शाळेतले सर्वांत जाणते शिक्षक कोणत्या इयत्तेला आहेत ते पाहा. ते सातवी-आठवीलाच असतील, तर निदान एकाला तरी पहिली-दुसरीकडे आणा. त्यांना ती बढती वाटावी अशा शब्दांत सांगा, कारण खरोखर ती बढतीच आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. शिक्षक बदलून मागण्याचा विचार मी सोडला आहे. एक शंका उरते. चार वर्षांत तीन मुख्याध्यापक गेले, तशी माझीही बदली झाली तर हे सारे पुन्हा पहिल्या पायरीवर येईल का?

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक

मॅडम, ही भीती खरी आहे. ब्राझीलमधील सोब्राल या शहराची सुधारणा टिकली, त्याचे एक मोठे कारण असे की तेथे मुख्याध्यापकांच्या नेमणुका राजकीय मर्जीऐवजी गुणवत्तेवर होऊ लागल्या आणि प्रत्येक मुलाचे वाचन ठरावीक काळाने बाहेरच्या व्यक्तीकडून तपासले जाऊ लागले. माणूस बदलला तरी तपासणी थांबत नव्हती. २०१७ च्या राष्ट्रीय शिक्षण निर्देशांकात हे शहर देशात पहिले आले. काम मात्र शतकाच्या आरंभापासून चालू होते.

नेमणुका आपल्या हाती नाहीत, पण तास आणि तपासणी आहे. वेळापत्रकातला तो तास आपल्या नावावर ठेवू नका. दोन शिक्षकांना त्याचे प्रमुख करा. पातळीची नोंदवही कार्यालयातल्या कपाटात न ठेवता शिक्षककक्षात उघडी राहू द्या, आणि दर सहा आठवड्यांनी एका वर्गाची चाचणी दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाने घ्यावी असा पायंडा पाडा. माझी बदली झाल्यानंतर दीड वर्षाने मी त्या दुसऱ्या शाळेत गेलो होतो. नवे मुख्याध्यापक बैठकीला बाहेर गेले होते, तरी तास सुरू होता, आणि वही भरणाऱ्या शिक्षिका त्याच होत्या, ज्यांच्यासमोर मी कधीकाळी ते अकरा वह्यांचे टेबल मांडले होते.