गुडघ्याच्या वाटीचंही बघा

हाड कापून, हळूहळू ताणून पाय लांब करायचं ऑपरेशन असतं. त्याबद्दल काही जण म्हणतात, 'मधल्या फटीत नवं हाड भरलं की गुडघा आपोआप सुटतो, वाटीला काही होत नसतं', ते अर्धंच खरं. हाड दिवसाला 1 मिमी वाढवतात, पाव-पाव मिमी चार वेळा. मांडीचा पुढचा स्नायू मात्र तेवढ्या वेगानं लांबत नाही. तो आखडला की वाटी हाडावर दाबली जाते, गुडघा वाकेना होतो, कधी वाटी बाहेरच्या अंगाला सरकते.

माझ्या पुतण्याचं मांडीचं हाड वाढवत होते. आम्ही अंबाजोगाईला, डॉक्टर संभाजीनगरला. लेकरू रडतंय म्हणून महिनाभर व्यायाम आम्हीच टाळला, चूक आमचीच. गुडघा 40 अंशांपुढे जाईना. मग वाढवायचा वेग कमी केला, फिजिओ रोज सुरू. हाड भरलं, तरी पंगतीत मांडी घालून बसायला पुढं दीड वर्ष गेलं.

ऑपरेशनच्या आधीच गुडघा थोडा वाकवून बाजूनं काढलेला एक्स-रे जपून ठेवा. त्यात वाटीची उंची आणि तिला खाली नडगीशी जोडणाऱ्या कंडरेची (चिवट दोरीसारख्या पट्ट्याची) लांबी साधारण सारखी दिसते. नंतरच्या फोटोत कंडरा बरीच आखूड दिसली, तर वाटी खाली उतरलीय का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आम्ही आधीचा फोटो काढलाच नव्हता, त्यामुळं ताडून बघायला काही उरलं नाही.