पोटात पाणी झालं तर नुसतं लिव्हर टॉनिक पुरणार नाही

दादा, लेहला ब्रॉयलर कोंबड्यांच्या पोटात पाणी होतंय म्हणून तुम्ही लिव्हर टॉनिक सुचवलंत, पण मूळ दुखणं हृदय-फुफ्फुसाचं आहे हो. ३५०० मीटरवर ऑक्सिजन कमी, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाची उजवी बाजू ढकलून ढकलून फुगते आणि मग पोटात पाणी उतरतं, मेलेला पक्षी उघडून बघा, हृदय सैल पडलेलं दिसेल.

खाद्यात आर्जिनीन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) बघा, कोंबडीला ते स्वतः पुरेसं बनवता येत नाही आणि त्यापासूनच नायट्रिक ऑक्साइड होऊन वाहिन्या सैलावतात. लायसिन (दुसरं एक अमिनो आम्ल) मात्र भरमसाट नको, ते आर्जिनीनला मारक. सोबत व्हिटॅमिन ई, सी. पण पहिले काही आठवडे पेलेटऐवजी (गोळी खाद्याऐवजी) मॅश, म्हणजे भरड खाद्य, देऊन वाढ जरा आवरा, आणि बुखारी (तिकडची उबेची शेगडी) पेटवून शेड गच्च बंद करू नका प्लीज.