मदत हवी आहे: सिग्नल हँडलरला वेगळा स्टॅक देऊनही शेजारचा काउंटर बिघडतो

मंडळी, नमस्कार. नागपुरात आम्ही दोघं मिळून कळमना मार्केटच्या अडत्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितो, सी भाषेत, लिनक्सवर. गेले आठ दिवस एका बगनं जीव खाल्लाय. बाहेर ऊन असं की कूलरसुद्धा गरम हवा फेकतो, त्यात हे.

अडत, हमाली, तोलाईची सूत्रं अडते स्वतःच भरतात. एकानं हमालीच्या सूत्रात 'एकूण कपात' टाकलं, आणि एकूण कपातीत हमाली आधीच होती. झालं! सूत्र सोडवणारं फंक्शन स्वतःलाच बोलावत सुटलं, स्टॅक (फंक्शनांच्या कॉलांसाठीची मेमरी) संपून गार्ड पेजवर, म्हणजे टोकाच्या बंद पानावर, आदळलं आणि सिगसेग्व्ही (चुकीच्या पत्त्याला हात लावल्याचा सिग्नल) आला. त्यासाठी हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लावलेला होता, हातातल्या पावत्या डिस्कवर उतरवायला. तो चाललाच नाही. का, ते कळायला दोन दिवस गेले. हँडलर सुरू करण्याआधी कर्नल प्रोसेसरच्या सगळ्या रजिस्टरांची नोंद त्याच यूजर स्टॅकवर लिहितो, आणि तिथं तर जागाच उरली नव्हती. मग तो प्रोसेस मारून मोकळा होतो. एका मित्रानं 'कर्नलचा स्टॅक वाढव' असा सल्ला दिला. तो १६ केबीचा आणि वेगळाच असतो, त्याचा इथं काही संबंध नाही.

म्हणून प्रत्येक थ्रेडमध्ये सिगअल्टस्टॅक (सिग्नलसाठी पर्यायी स्टॅक) लावला आणि हँडलरला एसए_ऑनस्टॅक (त्याच स्टॅकवर चालवायचा फ्लॅग) दिला. थ्रेड तीनशेच्या वर, म्हणून चिकटपणा करून प्रत्येकी २०४८ बाइटच दिले. हेडरमधला किमान आकडा तोच, आणि कॉलनंही कुरकुर केली नाही. प्रत्येक थ्रेडचा एक स्ट्रक्ट आहे: आधी 'बाकी पावत्या' हा काउंटर, त्याला लागूनच हा ॲरे.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित. गिऱ्हाइकाच्या नव्या सर्व्हरवर, तिथं कर्नल ५.४ आहे, हँडलर चालतो, पण काउंटर ३७ असायला हवा तिथं नऊ-दहा आकडी काहीतरी दिसतं. जीडीबी या डीबगरमध्ये त्या काउंटरवर हार्डवेअर वॉचपॉइंट (किंमत बदलली की प्रोग्रॅम थांबवणारा) लावला, तर तो एकदाही थांबला नाही. म्हणजे किंमत बदलते, पण बदलणारा सापडत नाही! हँडलरच्या पहिल्या ओळीवर थांबून बघितलं, तर काउंटर तोवर बिघडलेलाच.

हे लिहितंय कोण? आणि स्टॅक किती मोठा ठेवायचा हे ठरवायचं कशावरून?

प्रतिसाद १

लिहिणारा कर्नलच आहे. यूजर प्रोसेसवर लावलेला वॉचपॉइंट कर्नलच्या आतून झालेलं लेखन पकडत नाही, म्हणून तो गप्प राहिला.

सर्व्हरच्या प्रोसेसरला एव्हीएक्स-५१२ (मोठ्या रजिस्टरांचा सूचना-संच) असणार. त्यात ६४ बाइटची ३२ रजिस्टरं, म्हणजे त्यांचेच २०४८ बाइट झाले. तुमचा अख्खा ॲरे तिथंच संपला, बाकीची अवस्था अजून लिहायचीच आहे. x८६ वर स्टॅक खाली वाढतो, त्यामुळे उरलेलं सगळं ॲरेच्या आधीच्या पत्त्यांवर गेलं, आणि तिथं तुमचा काउंटर बसलाय. २०४८ हा आकडा या रजिस्टरांच्या आधीच्या काळातला, तो तसाच राहून गेला. कॉल तेवढाच तपासतो, म्हणून तक्रार नाही.

५.१४ च्या आधीचा कर्नल, सिग्नल पर्यायी स्टॅकवर पहिल्यांदा शिरताना फ्रेम (तीच रजिस्टरांची नोंद) मावते का हे बघतच नव्हता. आधीच त्या स्टॅकवर असताना दुसरा सिग्नल आला तरच बघायचा. ५.१४ पासून दोन्ही वेळा तपासतो, आणि मावत नसेल तर मुकाट्यानं लिहीत न बसता प्रोसेस मारतो. लॅपटॉपवर नवा कर्नल असेल तर डीमेसगमध्ये (कर्नलच्या संदेशांत) 'मॅक्स सिगफ्रेम साइझ' शोधा. साध्या एव्हीएक्सला १७७६ दिसतं, एव्हीएक्स-५१२ ला ३६३२. एएमएक्स (मॅट्रिक्स गणिताचा सूचना-संच) असलेल्या मशीनवर एकट्या टाइल रजिस्टरांचेच ८१९२ बाइट होतात, तेव्हा ८ केबी दिले म्हणून निश्चिंत होऊ नका.

आकडा कोडमध्ये लिहूच नका. जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) २.३४ पासून सिसकॉन्फ या फंक्शनला विचारता येतो. जुन्या सर्व्हरवर प्रत्येक थ्रेडला एममॅपनं (कर्नलकडून थेट मेमरी मागणारा कॉल) ६४ केबी घ्या आणि सगळ्यात खालचं पान एमप्रोटेक्टनं (पानाची परवानगी बदलणारा कॉल) बंद करा. तीनशे थ्रेडचे १९ एमबी होतात, तेही फक्त पत्त्यांचे, हात लागेल तेवढीच पानं रॅम खातात. फ्रेम मावली नाही तर प्रोसेस मरेल, पण कुणाचा हिशोब बिघडणार नाही.

प्रतिसाद २

राजेहो, दुखणं गुडघ्याला न् मलम कपाळाला! सूत्रातलं चक्र सेव्ह करतानाच पकडा ना. त्यासाठी सिगसेग्व्हीपर्यंत कायले जाता? आणि हँडलरमध्ये एफप्रिंटएफ असेल तर काढा. तिथं राइटसारखे सिग्नल-सुरक्षित कॉलच चालतात.

धागाकर्ता

एफप्रिंटएफ होता. काढला.

६४ केबी आणि बंद पान लावलं, सर्व्हरवर काउंटर ३७ वरच राहिला. चक्राची तपासणीही आज घातली. त्या अडत्याकडे जाऊन तेच सूत्र पुन्हा भरायला लावलं, तर 'हमाली स्वतःवरच अवलंबून आहे' असा संदेश आला. त्यावर तो म्हणतो, "ते तर मलेही माहीत आहे, पैसे किती झाले ते सांगा."

आता एकच शंका उरली. थ्रेड संपताना ही एममॅपची जागा परत करायची, तर आधी सिगअल्टस्टॅक बंद करावा लागतो का, की थ्रेडबरोबर तो आपोआप जातो?

प्रतिसाद १

थ्रेड अजून जिवंत असताना जागा सोडत असाल तर आधी सिगअल्टस्टॅकला एसएस_डिसेबल (बंद करायचा फ्लॅग) द्या, मग मनमॅपनं जागा सोडा. उलट केलंत आणि मधेच सिग्नल आला, तर कर्नल त्याच गेलेल्या पत्त्यावर फ्रेम लिहायला जाईल.