त्या गावासाठी तरी बघा

वादळात पॅराग्लायडर भरकटतो आणि दक्षिण कोरियाची नायिका थेट उत्तर कोरियात पडते, हे पटलं नाही म्हणून ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ ही कोरियन मालिका दुसऱ्याच भागात सोडली, असं कुणीतरी लिहिलंय. योगायोग ढिगाने आहेत, मान्य. नायक-नायिकेची वाट आधीच स्वित्झर्लंडमध्ये जुळलेली असते, तो तर कहरच! पण मी चिकटून बसले ती नायक झालेल्या ह्यून बिनसाठी नाही (बरं, थोडी त्याच्यासाठीही), तर सीमेजवळच्या त्या गावासाठी. ऐन वेळी जाणारी वीज, वाळवणासारखं सगळ्याजणींनी मिळून किमची (कोबीचं आंबवलेलं लोणचं) घालणं, कर्नलच्या बायकोपुढे बाकीच्यांची लगबग... हे तपशील हवेतले नाहीत. लेखिका पार्क जी-उन यांच्या चमूत उत्तर कोरियातून पळून आलेला एक लेखकही होता. मला सगळ्यात भिडला तो लोकांची बोलणी चोरून ऐकण्याची नोकरी करणारा मान-बोक. त्याच्यावर एक वेगळी मालिका निघाली असती. त्यामानाने सोलमधली नायिकेच्या भावांची वारसाहक्काची भांडणं फारच ताणली आहेत. एकूण १६ भाग, तेही साधारण सव्वा ते पावणेदोन तासांचे. त्या भांडणांपाशी मी खुशाल व्हिडिओ पुढे पळवला. आणि ‘जोडी जमली नाही’ म्हणणाऱ्यांनो, ह्यून बिन आणि नायिका झालेली सोन ये-जिन यांनी २०२२ मध्ये खरोखर लग्न केलंय हो!