मदत हवी आहे: छोट्या आरओ प्लांटला टर्बोचार्जर की प्रेशर एक्स्चेंजर?

रत्नागिरीकडे किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्याचा आरओ आहे, दिवसाला 500 घनमीटर गोडं पाणी, रिकव्हरी 40 टक्के (आत घेतलेल्या पाण्यातलं एवढंच गोडं होतं), मेंब्रेनला 60 बार, आणि ब्राइन, म्हणजे उरलेलं दाबाखालचं खारट पाणी, अजून साध्या व्हॉल्व्हमधून सोडतोय म्हणजे वीज अक्षरशः समुद्रात. हा दाब परत वापरायला दोन पर्याय: टर्बोचार्जर ब्राइनवर टर्बाइन फिरवून आत येणाऱ्या पाण्याचा दाब वाढवतो, प्रेशर एक्स्चेंजर ब्राइनचा दाब थेट त्या पाण्याला देतो. एफिशियन्सीत एक्स्चेंजर पुढे हे मान्य, ते विचारत नाहीये. घोडं अडलंय पंपापाशी, आत्ताचा सेंट्रीफ्यूगल तासाला 52 घनमीटर ढकलतो, एक्स्चेंजर लावला की बाकीच्या पाण्याला दाब तोच देतो आणि पंपाला जेमतेम 21 उरतात, म्हणजे हाय प्रेशर पंपही बदला, वर एक्स्चेंजरमधून आलेल्या पाण्याचा कमी पडलेला थोडा दाब भरून काढायला बूस्टर पंप घ्या. टर्बोला तोच पंप व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) कमी प्रेशरने चालेल. मेंब्रेन वाढवायला जागा नाही. कोटेशन दोन्हींची आलीत पण एफिशियन्सी प्रत्येकजण आपापल्या सोयीने मोजतो. पावसाळ्यात गाळ येतो, 5 मायक्रॉनचे कार्ट्रिज फिल्टर आहेत. एवढ्यावर एक्स्चेंजरचा सिरॅमिक रोटर (आतला फिरता भाग) अडकल्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि या साइजला नव्या पंपाचा खर्च विजेतून खरंच निघतो का?