गाडी कानाने चालवायची

नवी गाडी सगळ्याच बाबतीत सरस असताना जुन्या गाडीचा अट्टहास कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ब्रेक, मायलेज, सुरक्षितता यांत जुनी गाडी हरतेच. पण ओढ तिथे नाहीच मुळी.

सकाळी गार इंजिन चालू करताना चोक (इंजिनात जाणारी हवा कमी करणारी कळ) ओढायचा, किल्ली फिरवायची आणि आवाज सुधारत जाईल तसा चोक हळूहळू आत ढकलायचा. किती, ते कान सांगतो. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरच्या चाकांचा वेग आपोआप जुळवणारी रचना) नसेल तर चालत्या गाडीत तो टाकताना क्लच दोनदा दाबावा लागतो, मध्ये न्यूट्रलवर थोडा अ‍ॅक्सिलरेटर. जमलं की गिअर लोण्यासारखा पडतो, चुकलं तर दात करकरतात. तेवढ्यासाठी मी आजही मुद्दाम लांबच्या रस्त्याने जातो.

शिवाय यंत्र डोळ्यांना दिसतं. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं की ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट्स समोर! त्यांच्यातली फट बऱ्याच गाड्यांत 0.4 मिलिमीटरच्या आसपास. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून आपणच लावायची. फोक्सवॅगन बीटलच्या जुन्या मॉडेलांत तर पेट्रोलचा काटाच नव्हता. इंजिन आचके देऊ लागलं की पायाशी असलेली कळ फिरवून राखीव पेट्रोल चालू करायचं.

एक कळकळीची विनंती: घेतलीत तर झाकून ठेवू नका. उभ्या गाडीची रबरी सीलं वाळतात, पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) जेट, म्हणजे बारीक छिद्रं, तुंबतात. अधूनमधून इंजिन पुरतं तापेपर्यंत चालवाच.