दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोपसाठी हलका, पण वाऱ्यात न हलणारा ट्रायपॉड कोणता घ्यावा?

प्रश्न : कळंबाकाठ

नमस्कार. माझ्याकडे ६५ मिमी भिंगाचा, तिरक्या आयपीसचा २०-६० पट स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची, लांब पल्ल्याची दुर्बीण) आणि १०x४२ ची दुर्बीण आहे. हिवाळ्यात कोल्हापूरच्या कळंबा तलावावरील बदके, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरील भोवत्या आणि खरुची हे शिकारी पक्षी, तसेच दाजीपूरच्या बाजूला समोरच्या उतारावर चरणारे गवे लांबूनच न्याहाळावेत, एवढाच माझा हेतू आहे. सध्याचा चार टप्प्यांचा बारीक पायांचा ट्रायपॉड कळंब्याच्या बांधावर कसाबसा चालतो. मसाईवर मात्र चाळीस पटीच्या पुढे गेले की चित्र थरथरू लागते आणि हवेत एका जागी पंख फडफडवणाऱ्या खरुचीची शेपटीसुद्धा धड दिसत नाही. शोध घेतला असता बहुतेक चांगले ट्रायपॉड परदेशी शिकाऱ्यांसाठी म्हणून विकले जातात असे आढळले. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, परंतु पाठीवर वाहून नेणे आणि तासन्‌तास एकाच डोंगरउताराकडे पाहत राहणे ही गरज तीच असल्यामुळे ते आपल्याला चालतील का? माझी उंची १७० सेमी आहे आणि चढताना दोन-सव्वादोन किलोंपेक्षा जास्त वजन नको आहे.

उत्तर : दाजीपूरवाट

अवश्य चालतील. जे दाजीपूर एकेकाळी संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते, तेथेच १९५८ पासून गव्यांचे अभयारण्य आहे. त्यामुळे शिकाऱ्याच्या साधनाने गवा नुसता पाहण्यात मला तरी समाधानच वाटते.

माझी पहिली विनंती अशी की, खोक्यावर छापलेल्या ‘इतके किलो भार पेलतो’ या आकड्यावरून निवड करू नये. तो आकडा प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवतो आणि ट्रायपॉड मोडणार नाही एवढेच त्यावरून समजते. आपल्याला हवे आहे ते कंप लवकर शमणे, कारण साठ पटीवर पक्ष्याइतकाच कंपही साठ पट मोठा दिसतो. मी स्वतः हाच आकडा पाहून एक ट्रायपॉड घेतला होता. मधला दांडा वर काढल्याशिवाय तो डोळ्यापर्यंत पोहोचत नसे, आणि दांडा वर काढला की तीन पायांवर एक काठी उभी केल्यासारखी गत होई. म्हणून दांडा न उचलता पुरेशी उंची मिळते का, हे आधी पाहावे. तिरक्या आयपीसमध्ये मान किंचित वाकवून पाहायचे असल्याने आपल्या उंचीला स्कोपसाठी सुमारे १३० सेमी पुरतील. दुर्बीण उभ्याने लावायची तर १४० सेमी लागतील, आणि उतारावर खालच्या बाजूचा पाय लांबवावा लागतो म्हणून त्याहून थोडे जास्तच असावे.

उत्तर : उद्यमनगरकर

माझे सारे आयुष्य लेथवर गेले असल्याने पायांच्या नळीबद्दल लिहितो. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवली, तर तिचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २२ मिमीऐवजी २८ मिमीची नळी घेतली की ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो, आणि वजन मात्र पाव पटीनेच वाढते. चार टप्प्यांच्या पायात सर्वांत खालची नळी अगदीच बारीक उरते, म्हणून दुमडल्यावर लांबी थोडी वाढली तरी तीन टप्पेच घ्यावेत. २८ मिमीचे कार्बन फायबरचे पाय दीड किलोच्या आसपास मिळतात आणि ॲल्युमिनियमपेक्षा ते कंप लवकर शोषतात. पैसे कमी पडत असतील, तर बारीक कार्बनपेक्षा जाड ॲल्युमिनियम बरे.

ट्रायपॉडच्या डोक्याकडे, म्हणजे हेडकडे, दुर्लक्ष करू नये. गोळ्यावर सगळीकडे फिरणारे बॉल हेड सैल केले की स्कोप एकदम नाकावर आपटतो. त्याऐवजी आडवी आणि उभी हालचाल स्वतंत्रपणे, सावकाश होऊ देणारे लहान फ्लुइड हेड घ्यावे. स्कोपखालची प्लेट लांब असावी, म्हणजे स्कोप पुढेमागे सरकवून तोल साधता येतो आणि कळ सैल असतानाही तो जागेवर राहतो. बहुतेक दुर्बिणींच्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला एक छोटे झाकण असते. ते फिरवून काढले की आत पाव इंची आटे दिसतात, तेथे ॲडॅप्टर बसतो. ट्रायपॉडच्या माथ्यावर मात्र बहुधा तीन अष्टमांश इंचाचा स्क्रू असतो. आटे जुळले नाहीत, तर बुश कापून घेण्यासाठी आपल्या गावात कोणाला फार हिंडावे लागणार नाही.

उत्तर : दाजीपूरवाट

एक राहिले. दुकानात स्वतःचा स्कोप घेऊन जावे, पाय पूर्ण उघडून साठ पटीवर लांबची एखादी पाटी धरावी आणि पायावर बोटाने टिचकी मारावी. अक्षरे स्थिर व्हायला किती वेळ लागतो, ते दोन-तीन ट्रायपॉडवर ताडून पाहिले की फरक आपोआप कळतो. वाऱ्यात खालच्या हुकाला पिशवी अडकवायची, तर ती जमिनीला टेकलेली असावी. लोंबकळणारी पिशवी उलट ट्रायपॉडच हलवते. तलावाच्या चिखलातून आल्यावर पाय तसेच आत ढकलू नयेत, नाहीतर पिळाच्या कुलपात वाळू जाऊन ते करकरू लागते. धुवावेत आणि पूर्ण उघडे ठेवून वाळवावेत.

प्रश्नकर्ता : कळंबाकाठ

आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. २८ मिमीचे तीन टप्प्यांचे कार्बनचे पाय आणि लहान फ्लुइड हेड एवढे नक्की केले आहे. उद्यमनगरकर काका, माझा स्कोप आपल्या हेडवर एकदा लावून पाहता येईल का? रविवारी सकाळी सहाला मी कळंब्याच्या बांधावर असेन.